अठ्ठ्याहत्तरचा कॅच

आमच्या क्रिकेट क्लबचा इतिहास जुन्या खेळाडूंच्या तोंडून रेकॉर्ड करायचं काम मी मागून घेतलं. अठ्ठ्याहत्तरच्या फायनलमध्ये माझ्या हातून सुटलेल्या कॅचचा विषय निघालाच, तर तेवढा भाग गुपचूप उडवता येईल, हा शुद्ध हेतू.

विषय सगळ्यांनीच काढला. नाव मात्र एकालाही आठवेना.

"बदली खेळाडू होता रे कुणीतरी," आमचे विकेटकीपर दिघेअण्णा म्हणाले. "त्या गाढवामुळे कप गेला." मग माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "तू होतास का रे त्या मॅचला? बघायला?"

मी मोबाईल स्वतःकडे वळवला आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. "कॅच मी सोडला," म्हणालो. "लाँगऑनला. सोपा होता."