तिसरा हिसका

बेस गिटारचा अँप्लिफायर वजन बघून घ्यावा, असं सत्तारभाई म्हणाले आणि स्वतःचाच जुना, लई जड अँप माझ्या गळ्यात मारला. उद्या अंबाजोगाईत आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम. आणि आज जाडी तार छेडली की अँपात पाणी डुचमळतं.

आमच्या सिरसाळ्यात पाण्याचा टँकर पंधरवड्यानं येतो. पाणी निघालं ते अँपात.

दूध सोसायटीच्या बंद हॉलमध्ये आम्ही सराव करतो. भरदुपारी भाईंना तिथं ओढत आणलं.

"भाई, अँप विकला का हौद?"

त्यांनी मागची फळी उघडली. आत स्पीकर आणि धूळ.

"कोरडा ठाक हाय. तुझ्याच कानात पानी गेलंय."

"आंघोळीला अकरा दिवस झाले. कानात कुठून जाईल?"

तेवढ्यात शेजारच्या छबुमावशीनं येऊन अँपापुढं घागर ठेवली. "पैला नंबर माझा."

माझं डोकंच फिरलं. विजेचा प्लग उपटून फेकला आणि तार छेडली. डुचमळणं थांबलं न्हाई. उलट गिटारपासून अँपात गेलेली वायर सावकाश ताणली गेली.

आमच्याकडं विहीर आटली की एकजण तळाला उतरतो आणि वाटीनं बादली भरतो. दोराला दोन हिसके म्हणजे बादली ओढा. तीन म्हणजे मला ओढा.

वायरीला दोन हिसके बसले.

"ओढ की रं," मावशी घागर सरकवत म्हणाली, "कावून थांबलास?"

मग तिसरा बसला.