तिसरा खड्डा

हिल्डुर मावशीने डुकराची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फळीवर लांब पसरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने चाचपली आणि हिवाळ्याचा निकाल देऊन टाकला.

"नाताळपर्यंत काही नाही. मग जो गारठा धरेल तो थेट मे महिन्यापर्यंत. जमिनीचा दगड होणार."

"स्टॉकहोमचा रेडिओ म्हणतो, यंदा हिवाळा सौम्य जाणार," एवर्ट म्हणाला.

"रेडिओवाल्यांनी डुक्कर कापलंय का?"

मांस खारवायला जमलेल्या बायका हसल्या. एवर्टला हसू आले नाही. तो चर्चचा खड्डे खणणारा. त्याच्या आधी त्याचे वडील आल्गोट, पंचेचाळीस वर्षे. इकडे जमीन एकदा गोठली की कुदळ टणकन उलटी येते. म्हणून हिवाळा कडक जाणार असेल तर दफनाचे खड्डे नोव्हेंबरातच खणून, वर फळ्या टाकून ठेवायचे. नाहीतर गेलेल्या माणसाला वसंत येईपर्यंत चर्चमागच्या छपरीत, फावड्यांच्या शेजारी पडून राहावे लागते. किती खणायचे ते मावशीला विचारायची रीत होती. मुंग्यांची वारुळे, झाडावरची फळे, डुकराची पाणथरी, सगळे ती वाचायची, आणि तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

"मग किती खणू?"

मावशीने सुरी पुसली. "तीन."

गावात अंथरुणाला खिळलेली माणसे तीनच होती. गिरणीवाली आल्मा, नव्वदीचा निल्स आणि एवर्टचे स्वतःचे बाबा. ऑगस्टपासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. बोलणे बंद. सूनबाईने भरवले तर दोन चमचे सूप, नाहीतर तेही नाही.

"दोन पुरतील, मावशी."

"तीन म्हटलं ना मी! आणि तिसरा चर्चच्या आवारात, तुमच्या घराकडच्या भिंतीला लागून खण. भर दुपारी."

या बाईला काळीज आहे की तिथेही पाणथरीच, असे मनात म्हणत एवर्ट उठला. दोन खड्डे त्याने सोमवारी खणले. तिसऱ्याला हात लागेना. बुधवारी दुपारी एकदाचा लागला. चाळिशीचा बाप्या, पण दर चार घावांनंतर बाहीने डोळे पुसत होता.

घरी आला तेव्हा बाबा भिंतीकडे पाहतच बोलले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

"तिसरा कोणाचा?"

एवर्टला खोटे कधी जमले नाही. त्याने कुदळ दाराशी टेकवली.

"माझा," बाबा म्हणाले. "पूर्वेची बाजू तिरकी चाललीये."

"नाही बाबा, सरळ आहे."

"मला शिकवतोस? कुदळीचा आवाज कळतो मला. माझे बूट कुठायत?"

दुसऱ्या दिवशी म्हातारा दोन कोट चढवून, सुनेचा हात धरून खड्ड्याच्या काठावर उभा होता. "हा काय खड्डा आहे? बटाटेसुद्धा नाही ठेवायचे कोणी यात. मी तर मुळीच नाही जायचो." त्याने बाजू तासून घेतली. तिसऱ्या दिवशी कोपरे. चौथ्या दिवशी लांबीवरून भांडण झाले आणि त्या भरात त्याने घरी येऊन वाडगाभर सूप स्वतःच्या हाताने संपवले. नाताळला तो टेबलाशी बसून डुकराचे मांस खात होता आणि हल्लीच्या लोकांना कुदळ कशी धरता येत नाही ते सगळ्यांना ऐकवत होता.

गारठा मावशीने सांगितला तसाच आला आणि सांगितला तेवढाच टिकला. सौम्य हिवाळ्याचे रेडिओने पुन्हा नाव काढले नाही. जानेवारीत आल्मा गेली, मार्चमध्ये निल्स. दोघांनाही छपरीत थांबावे लागले नाही.

मे महिन्यात बर्फ वितळले तेव्हा एवर्टने तिसरा खड्डा बुजवला आणि फावडे खांद्यावर टाकून तसाच मावशीकडे गेला. ती अंगणात पुढच्या हिवाळ्याची लाकडे रचत होती. त्याला फार दिवसांनी इतका आनंद झाला होता, आणि तो त्याला लपवायचाही नव्हता.

"चुकलीस, मावशी! तुझ्या त्या पाणथरीला म्हणावं, बाबा सकाळपासून कुंपण रंगवताहेत."

"पाणथरी थंडी सांगते, पोरा. माणसं नाही सांगत."

"मग तीन कशाला म्हणालीस? काय गुदरलं माझ्यावर, ठाऊक आहे तुला?"

मावशीने हातातले लाकूड राशीवर ठेवले. रस्त्यापलीकडे चर्चची भिंत होती, मावशीच्या खिडकीच्या अगदी समोर.

"सव्विसाव्या वर्षी माझी छाती भरली होती. डॉक्टरांनी हात टेकले, मीही भिंतीकडे तोंड केलं. तर तुझ्या बापानं भर दुपारी या खिडकीसमोर माझा खड्डा खणला, वर मला ऐकू जाईल अशी शीळ घालत. असा राग आला मला!" तिने वाकून दुसरे लाकूड उचलले. "त्या रागावर बेचाळीस हिवाळे काढलेत मी."