रुंद पायडलं

माझे पाय फताडे. सायकल चालवताना अर्धा पाय पायडलाबाहेरच राहायचा, रामाकोन्याहून सौंसरला येईपर्यंत तळव्यात कळा यायच्या. ते पाहून सौंसरच्या रघुनाथराव वकिलांनी मिस्त्रीकडून लाकडी पट्ट्या ठोकून माझी पायडलं रुंद करून दिली.

"नत्थूजी, आता थांबायचं नाही," ते म्हणाले. "आपला सारा मुलूख नागपूरसंगच राहिला पाहिजे."

वर्षभर गावोगाव फिरून मी लोकांना तेच सांगितलं. पोळा झाल्यावर वकिलांच्या जड जड पेट्याही मीच मोटर स्टँडवर पोचवल्या. नागपूरच्या सभेचं सामान आहे, म्हणाले होते.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. वकील पार खचले असतील, म्हणून धीर द्यायला त्यांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या केसरबाई ओट्यावर तूर निवडत होत्या.

"वकीलसाहेब कुठी गेले, बाई?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.



"मले काय विचारून राहिले, नत्थूजी? त्यांचा सारा संसार तं तुम्हीच नेऊन दिला नं, सायकलवर!"