दुसरा घास

भाताला वाफ आली तसा धाकट्यानं गॅस बंद केला आणि फोन हातात घेतला.

साठी कधीच उलटली होती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून घासून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. तरी घरी त्याला धाकटाच म्हणत. दादा मोठा, तो धाकटा. सुगीच्या सणाला घासही त्याच क्रमानं घ्यायचा. शेतातला नवा तांदूळ आधी घरातल्या सगळ्यात मोठ्यानं खायचा, मग त्याच्या खालच्यानं, असं वयाप्रमाणे पार शेंडेफळापर्यंत. वरच्यानं घास घेतल्याशिवाय खालच्यानं ताटाला हात लावायचा नाही. लहानपणी त्यानं एकदा चोरून चिमूटभर तोंडात टाकला होता, तर दादानं कान असा पिरगळला की सणभर लाल होता. पुढं दोघांचे केस पांढरे झाले, तरी दादा पहिला घास मुद्दाम सावकाश चावायचा आणि बोट नाचवून म्हणायचा, "मी आहे तोवर तुझा नंबर दुसरा. बस आवंढे गिळत!" घर हसायचं. धाकटाही हसायचा.

लग्न राहून गेलं होतं. दुकानाच्या वरची एक खोली, एक खाट, एक पातेलं. तो जेवला की उपाशी निजला, हे एरवी कुणाला कळायचं कारण नव्हतं. त्या एका दिवशी मात्र रांगेत त्याची जागा असायची. त्यानं घास घेतल्याशिवाय पुढची सगळी ताटं अडून राहायची. वर्षभर त्याला तेवढं पुरायचं.

यंदा छातीचं ऑपरेशन झालं. पुतण्या दवाखान्यात येऊन गेला, डॉक्टरांशी दाराबाहेर उभा राहून बराच वेळ बोलला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मग वहिनींनी बसच्या कंडक्टरबरोबर नव्या तांदळाची पिशवी पाठवली. "तुम्ही तिथं शिजवा, फोनवरून घास घेऊ," म्हणाल्या.

पिशवीचं तोंड सुतळीनं नुसतं बांधलेलं होतं. दादा दाभणानं शिवायचा, टाके तिरके. म्हणजे दादाला आता सुई ओवता येत नसणार. धाकट्यानं जिना उतरून, मालकाचा ओरडा खाऊन, दादासाठी नवी भिंगं घासली आणि चष्मा त्याच कंडक्टरबरोबर पाठवून दिला. तो कसा लागला ते विचारायचं होतं. पण ऑपरेशन झाल्यापासून दादा फोनवर सापडतच नव्हता. कधी शेतात गेलेला असायचा, कधी नुकताच डोळा लागलेला. मागच्या वेळी तर वहिनी म्हणाल्या होत्या, त्यांना फोनवर ऐकू कुठं येतंय आता.

आज मात्र दादाची सुटका नव्हती.

"वहिनी, भात झाला. द्या दादाला."

"बरं वाटतंय ना तुम्हाला? टाके दुखत नाहीत ना?"

"टाक्यांना काय झालंय! पोरं कुठायत? आवाज नाही तो."

"ताटावर बसलीत. सगळेच बसलेत."

"मग दादाला म्हणावं, आज फार चघळत बसू नकोस. नवा तांदूळ आहे, गार झाला की गोळा होतो. आणि चष्मा लागला का त्याला? भातातला खडा दिसतो का, विचारा."

वहिनी नात्यानं मोठ्या, पण वयानं त्याच्याहून लहान. एरवी त्याच्या एका शब्दाला दोन परत करायच्या. मागं एक नात म्हणाली, "आजी, खाऊ का गं?" कुणीतरी तिला दटावलं, "थांब."

धाकट्यानं फोन कानाशी घट्ट धरला. पातेल्यातली वाफ विरत आली होती. त्यानं बोटांत घास घेऊन ठेवला होता, दादाची गंमत ऐकू आली की तोंडात टाकायला.

"वहिनी, घेतला ना दादानं घास?"

त्यांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी त्याला खरं वाटलं असतं. इतके दिवस सगळं खरं वाटलंच होतं. पलीकडं पदर तोंडाशी धरल्यासारखा श्वास आला. सगळं घर ताटावर बसून होतं आणि एकानंही हात लावला नव्हता.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "आधी तुम्ही खा."