दहा पावलं

बस बापू, सरकून बस इथं बाकावर. तुही पाळी यायले टाइम आहे, तवरक एक गोष्ट सांगतो. लांब नाही. याच दवाखान्यात, याच दारामागं घडली.

शालिकराम म्हनून एक मानूस, बोरगावच्या सूतमिलमधला. बारा वर्सं मशीनपाशी उभा राहिला, बसाचं कामच नाही. एका सकाळी दात घासता घासता लकवा मारून गेला. डावा पाय असा झाला जसं भिजलेलं पोतं. पगारातून सरकारी विमा कटे, त्याचं कार्ड होतं. भरती व्हाचं काम नाही. रोज बसनं इथं सौंसरच्या दवाखान्यात यायचं, रूपाली मॅडमपाशी पायाची कसरत करायची अन् घरी जायचं. खर्च कार्डावर.

चार महिन्यात पाय जागा झाला. शालिकराम बिनकाठीचा दहा पावलं चालला. मोजून दहा. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. म्हने, "काका, पुढच्या मंगळवारी मोठे साहेब येऊन राहिले कार्डवाल्यांच्या फायली तपासाले. त्याइले हेच दाखवजा बरं."

तिथंच शालिकरामनं काठी पुन्हा हातात घेतली.

आता तुले तं मालूमच आहे, आपल्याकडं गरिबीचा सर्वेवाला आला म्हनलं का लोक काय करतात. फटफटी शेजाऱ्याच्या कोठ्यात. नवी साडी पेटीत. फाटकी बनियान अंगात. शालिकराम लहानपनापासून हेच पाहत आला. सरकारपुढं धड दिसायचं नाही, एवढं त्याले पक्कं ठाऊक. त्यात मिलमधला विजय बसमध्ये भेटला. म्हने, "तू बरा दिसला ना, तं कार्ड बंद. चालत्या-फिरत्या मानसाले कोन पैसे देते बे?"

त्या दिवसापासून शालिकरामनं पाय लपवला. फटफटी लपवतात तसा. कोनी चुगली करन म्हनून गल्लीत पाय घासत चाले. कसरतीले आला का "दुखते मॅडम" म्हनून पडून राहे. घरात बी खाटेवरून उठेना. बायको प्रेमलता म्हने, "काहून जी, चालत होते ना तुमी?" तं तिच्यावरच खेकसे, "हळू बोल! भिंतीपल्याड ऐकू जाते." बिचारीनं काठीच्या मुठीले आपल्या जुन्या साडीची निळी चिंधी गुंडाळून देली, हाताले फोड येऊ नये म्हनून. असे आठ दिवस गेले.

मंगळवारी शालिकराम काठीवर लटकत आत गेला. घाम असा का सदरा पाठीले चिकटला.

साहेबानं इचारलं, "कितना फर्क पड़ा?"

"काहीच नाही साहेब. उभंच राहता येत नाही."

साहेबानं फाइलीवर पेन टेकवला. "चार महीने में कोई सुधार नहीं. तो आगे का पैसा नहीं मिलेगा. नियम यही है, सुधार दिखे तभी इलाज चालू रहता है."

रूपाली मॅडम ताडकन उठली. "सर, ये बिना लकड़ी के चलते हैं! काका, चाला ना! दाखवा ना साहेबाले!"

साहेबानं पेन उचलला. चांगला मानूस होता, खोटं काहून बोलू. म्हने, "चलिए, दिखाइए. मैं रुकता हूँ."

शालिकरामनं काठी भिंतीले टेकवली. उजवा पाय टाकला. मंग डाव्याले म्हनलं, चाल. डावा हालला नाही. आठ दिवस लपवलेला पाय, भेवानं असा ताठला का फरशीत गाडल्यावानी. पुन्हा म्हनलं, चाल ना बापा, आता चाल. मॅडमनं तोंड भिंतीकडं फिरवलं. दहा सोड, एक पाऊल पडलं नाही. साहेबानं वाट पाह्यली, गंज वेळ वाट पाह्यली, मंग फाइल मिटली.

कार्डावरचा इलाज बंद झाला. मिलनं त्याच्या मशीनवर दुसरा मानूस उभा केला. थे दहा पावलं काही परत आली नाही.

ऐक बापू, तुहं नाव पुकारून राहिले. फाटकापासून पाहून राहिलो मी तुले. चांगला चालत आला, अन् हे दार दिसल्याबरोबर पाय घासाले लागला. भेव वाटते ना? मालूम आहे मले. पन माह्यं एक काम कर. तुही काठी आन इकडं, या निळ्या चिंधीवाल्या माह्या काठीपाशी ठेवू दे मले.