कोरडा रुमाल

इंग्लंडात लेस्टरला मुलाकडे आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी माझी सिगारेट सोडवून हातात व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी वाफेची सिगारेट, दिली. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर माझा उजवा हात थरथरतो, त्यामुळे मी भरलेली तिची निकोटिनच्या लिक्विडची छोटी टाकी हमखास गळायची. शर्टाच्या खिशावरचे डाग पाहून सून मृणाल म्हणाली, "बाबा, द्या इकडे, मी भरत जाईन." सांडू नये म्हणून चहाही ती मला अर्धा कपच देते.

"नको," मी म्हणालो.

कोपर टेबलावर घट्ट रोवलं. लिक्विड टाकीच्या मधल्या नळीत गेलं की गळती ठरलेली, म्हणून बाटलीचं टोक काचेला टेकवून ते कडेकडेने सोडलं. रबरी रिंग नीट बसली का, बोट फिरवून पाहिलं. झाकण आधी उलटं फिरवलं, आटे जुळल्याचं जाणवल्यावरच आवळलं. मग टाकी पांढऱ्या रुमालावर आडवी ठेवली आणि तिथेच बसून राहिलो.

संध्याकाळी मृणालने रुमाल उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. कोरडा होता.

"चहा टाकतेस ना?" मी म्हणालो. "माझा कप पूर्ण भर."

मग कप काठोकाठ भरून तिने खाली बशी ठेवली.

मी बशी परत केली.