टेक-होकची चार चाकं

पक्षाघाताने टेक-होकचा डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून त्याची मोटरसायकल पडवीत धूळ खात होती. आज धाकट्या भावाने, खुन-सानने, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक जोडलं आणि घरच्या घरी चारचाकी तयार झाली.

“वहिनी, आता दादा पडतो म्हटलं तरी पडायचा नाही,” खुन-सान हात पुसत म्हणाला.

सिऊ-चिनने सकाळी माझूदेवीला उदबत्ती लावून एवढंच मागितलं होतं. तिने नवऱ्याला सीटवर बसवलं आणि त्याचा लुळा, अनवाणी पाय घसरू नये म्हणून फडक्याने फूटरेस्टला बांधून दोन गाठी मारल्या.

“बांध घट्ट. बोकड पळून जायचा,” टेक-होक हसला.

अंगणभर भात वाळत घातलं होतं. ती नको म्हणत असताना तो त्यातूनच गाडी घेऊन गेला. देवळापर्यंत चक्कर मारून शीळ घालत आला आणि शहाण्यासारखा फाटकाबाहेर थांबला. ती शीळ ऐकून सिऊ-चिन रागवायचं विसरली. तिचं मन कसं निवलं.

भात सारखं करायला तिने दाताळं उचललं. मधली एक आणि बाजूच्या दोन, अशा चाकांच्या तीन रेघा हव्या होत्या. भातात एकच रेघ होती, पूर्वीसारखी. फाटकाशी वळताना तोल सावरायला टेकवलेलं डावं पाऊलही उमटलं होतं, बोटं रुतलेलं.

“अगं, पाय सोड की आता,” टेक-होक म्हणाला.

ती फाटकाबाहेर जाऊन त्याच्या पायाशी वाकली. दोन्ही गाठी तशाच घट्ट होत्या, आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यांत भाताचे दाणे अडकले होते.